वन्संनी पत्ता बदलला

१२ जानेवारी

वहिनी,

फोन करणार होते. पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि मग दादाला मध्ये पडावं लागतं. पत्रात निदान माझं बोलणं तुला मध्येच तोडता येणार नाही.

काल टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. त्यांचा डावा डोळा अप्पांनी नऊ वर्षांपूर्वी बसवलेला. त्याला पॉलिश करून हवं होतं. खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "तुमची दुसरी शाखा छान आहे हो." मी म्हटलं, "कुठली शाखा?" त्यांनी खिशातून फोन काढला, 'कृत्रिम डोळा' असं टाकलं आणि माझ्या नाकासमोर धरला. पहिलं नाव तुझं. आमचं, अप्पांच्या आडनावाचं, अठरा वर्षांचं, ते चौथं!

त्यांचं पॉलिश करून दिलं. ते गेल्यावर माझ्या फोनवर पाहिलं. मग शेजारच्या चष्मेवालीच्या फोनवर पाहिलं. सगळीकडे तूच.

दादाची बदली झाली म्हणून तू गेलीस, तिथे कारखाना काढलास, त्याला माझी ना नव्हती. पण काढून वर्ष नाही झालं तर तू पहिली? मला कळलंय यामागे काय आहे ते. साइटचं नावच तू 'कृत्रिम-डोळा' ठेवलंस. लोक जे शब्द टाकतात तेच दारावर लिहिलंस. हुशारीच म्हणायची. आम्ही आपले आडनाव कुरवाळत बसलो.

खरं काय ते सांग. आणखी काय काय केलंस?

वन्सं

(हे 'वन्सं' मीच लिहिते, तू तोंडदेखलं म्हणण्याआधी.)

---

२० जानेवारी

प्रिय वन्सं,

तोंडदेखलं नाही, मनापासूनच म्हणते. सोळा वर्षं म्हणतेय.

नावानं फारसं काही होत नाही. एक काळ होता, लोक जे शोधतात तेच शब्द साइटच्या नावात घातले की साइट आपोआप वर चढायची. मग ज्याने त्याने तेच सुरू केलं आणि त्या युक्तीचा भाव उतरला. मी ते नाव घेतलं कारण मला दुसरं सुचलं नाही. खरंच सांगते.

माझी पानं वर आहेत कारण कारखाना काढल्यापासून मी रोज सकाळी बसून ती लिहिली. पेशंट जे विचारतात तेच लिहिलं. डोळा घालून झोपायचं का, पोहायचं का, रडलं तर काय होतं. एका प्रश्नाला एक पान, आणि पानाचा पत्ता वाचून कळेल असा साधा. 'डोळा-घालून-पोहणे'. बस. आकडे नाहीत, तारखा नाहीत, दहा शब्दांची माळ नाही.

तुमच्याकडे तर माझ्याकडे नाही ते आहे. अकरा हॉस्पिटलांच्या साइटवरून लिंक देऊन तुमच्या पानांकडे बोट दाखवलेलं आहे. सर्च तेच बघतं, की कोण कोणाकडे बोट दाखवतंय आणि किती वर्षं. त्यातली सात बोटं 'लहान मुलांचा डोळा' या एकाच पानाकडे आहेत. तुमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक त्या दारातून येतात. अप्पा गेल्यापासून साइटला कोणी हात लावलेला नाही, एवढाच तुमचा दोष. चार नवी पानं लिहा. दोन महिन्यांत माझ्या पुढे जाल.

आणि कृपा करून नाव बदलू नका.

हे बरे आहेत. तुमची आठवण काढतात.

तुमची,
वहिनी

---

३ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं हे असंच असतं. वाक्यं सगळी गोड आणि तळाशी एक ओळ, 'नाव बदलू नका'. मी काय दुधखुळी आहे? नावानं काही होत नसेल तर बदलू नका म्हणून हात का जोडतेस?

मी एका सल्लागाराला बोलावलं होतं. टाय लावून आला, बूट बाहेर काढले, सगळं बघितलं आणि पहिलंच वाक्य काय म्हणाला? "मॅडम, आडनाव कोण शोधतं?" मी म्हटलं, बघा, माझ्या मनातलं बोललात.

तर आजपासून आम्ही नव्या नावाने आहोत. 'बेस्ट-कृत्रिम-डोळा-मेकर'. तुझ्या नावात दोन शब्द, माझ्यात चार. प्रत्येक पानाचा पत्ताही त्याने नव्याने केलाय, त्यात 'बेस्ट' आहे, 'स्वस्त' आहे, 'जवळचा' आहे. माझ्या फोनच्या पट्टीत मावत नाही एवढा लांब.

आणि आणखी एक. 'लहान मुलांचा डोळा' हे पान मी काढून टाकलं. ते तू लिहिलेलं होतंस. अप्पा सांगत होते आणि तू लिहीत होतीस हे खरं, पण वाक्यं तुझी आहेत, वाचलं की तुझा आवाज येतो. माझ्या घरात तुझं सामान कशाला? ये आणि घेऊन जा.

तुला आठवतं का ग? दोघी एकाच टेबलावर बसायचो, मी डावीकडे, तू खिडकीकडे. अप्पा दोघींना बुबुळाची एकेक चकती रंगवायला द्यायचे. एकदा दोन्ही हातात घेऊन उजेडात धरल्या आणि तुझी दाखवून म्हणाले, "हा डोळा बघतोय." माझीकडे बघून म्हणाले, "हा छान रंगवलाय." मी त्यांची मुलगी. त्यांच्या हयातीत मला ते वाक्य कधी मिळालं नाही. तू परक्या घरून आलीस आणि तिसऱ्या महिन्यात घेऊन गेलीस.

असो. आता बघू कोण पहिलं येतं.

वन्सं

---

१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. नवी साइट पाहिली. निळा रंग आवडला. फोटोत तुम्ही छान दिसताय.

इकडे काम बरं चाललंय. ह्यांना थोडा खोकला आहे.

तुमची,
वहिनी

---

९ मे

वहिनी,

दादाचा खोकला कसा आहे? सुंठेचा काढा दे म्हणावं तर तुला माझं ऐकायची सवय नाही.

इकडे ठीक आहे. सुट्ट्यांमुळे जरा शांत आहे. उन्हाळ्यात लोक डोळ्यांकडे लक्ष देत नाहीत.

हे वरचं खोडणार होते. राहू दे. खोटं आहे ते.

फोन वाजत नाही, वहिनी. पूर्वी आठवड्याला सहा-सात नवे पेशंट यायचे. एप्रिलमध्ये सगळे मिळून दोन. एक तर पत्ता चुकून आला होता, त्याला दात बसवायचे होते. मी चौथी होते ना? आता पाचव्या पानावरही नाही. अप्पांचं नाव टाकून शोधलं तरी आम्ही येत नाही! अप्पांचं नाव टाकलं तर तू येतेस, तुझ्या साइटवर तू त्यांचा फोटो लावलायस म्हणून.

सल्लागार म्हणतो, "मॅडम, धीर धरा, सर्चला वेळ लागतो." दर आठवड्याला तेच म्हणतो. आता फोनही उचलत नाही.

मी सरळ विचारते. तू काही केलंस का? चष्मेवाली म्हणत होती की तक्रार करून साइट खाली पाडता येते. मला आधी पटलं नाही. मग तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढून पुन्हा वाचलं. चार ओळी. तू कधी चार ओळी लिहितेस का? माझ्या शिव्या खाऊन तू निळ्या रंगाचं कौतुक करतेस? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

खरं काय ते लिही.

वन्सं

---

१७ मे

वन्सं,

मी काही केलं नाही. तक्रार नाही, पाडापाडी नाही. पण तुमची पाल खोटी चुकचुकत नाहीये. मी काही केलं नाही हाच माझा गुन्हा आहे.

तुमचं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्याच दिवशी मी तुमचे सगळे जुने पत्ते एकेक करून उघडून पाहिले. प्रत्येक ठिकाणी एकच, 'पान सापडत नाही'. तुमच्या टायवाल्याने घर हलवलं आणि मागे पाटी लावली नाही. आपण घर बदलतो तेव्हा पोस्टात अर्ज देतो ना, जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्यावर पाठवा म्हणून? साइटचंही तसंच असतं. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावायचं. त्याला रिडायरेक्ट म्हणतात. ते केलं नाही तर अकरा हॉस्पिटलांची बोटं मोकळ्या जागेकडे दाखवत राहतात, आणि सर्चला वाटतं की अठरा वर्षांचं दुकान एका दिवसात बुडालं आणि त्याच दिवशी कोणीतरी लांबलचक नावाचं नवखं दुकान उघडलं. नवख्याला कोण पुढे बसवेल?

हे मला त्याच दुपारी कळलं होतं. एका ओळीत सांगता आलं असतं. मी लिहिलं, निळा रंग आवडला.

का, तेही सांगते. तुम्ही ते चकतीचं लिहिलंत. तुम्हाला वाटतं की मी तुमचं घेऊन गेले. मला काय वाटत होतं ते ऐका. ती साइट मी बांधली होती. लग्न होऊन घरात आले त्याच वर्षी अप्पांच्या जुन्या दोन पानांची मी वीस केली, नंतर सहासष्ट. अप्पा गेल्यावर ह्यांना म्हटलं, वन्संना विचारा, तो पत्ता मला वापरू देतील का? आडनाव कागदोपत्री आज माझं आहे, तुमचं लग्नानंतर बदललं. ह्यांनी विचारलं नाही. "ती नाही म्हणेल" एवढंच म्हणाले. मला इथे शून्यातून सुरू करावं लागलं आणि तुम्ही, ज्यांनी त्या साइटवर कधी एक ओळ लिहिली नाही, त्या अप्पांच्या दारात मालकिणीसारख्या बसून होतात. रोज सकाळी मी आधी बघायची की तुम्ही कितव्या. तुम्ही चौथ्यावरून नवव्या झालात त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी गोडाचं केलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

हे सगळं मी तुम्हाला कधीच लिहिलं नसतं. पण गेल्या सोमवारी एक बाई आली. शिलाई कारखान्यात काम करते. सोबत चार वर्षांची मुलगी, तिला घरी चिमी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी गाठ झाली म्हणून उजवा डोळा काढलेला. तुमच्याच गावच्या आहेत त्या, तुमच्या कारखान्यापासून बसने वीस मिनिटं. हॉस्पिटलने फेब्रुवारीअखेर कागद दिला, त्यावर आपल्या त्या पानाचा पत्ता छापलेला. तिने तो फोनवर टाकला. पान सापडत नाही. मग तिने स्वतः शोधलं. सगळ्यात वर जाहिरात होती, तयार डोळे, घरपोच, दोन दिवसांत. घाबरलेल्या माणसाचं बोट पहिल्या ओळीवरच पडतं, वन्सं. मी पहिली, तुम्ही हरवलेल्या, आणि माझ्या वर तो.

तो तयार डोळा त्या पोरीने दोन महिने घातला. मापाचा नाही, कडा टोचणाऱ्या. आतून सगळं लाल झालेलं, पाणी आणि पू. मी काढला तेव्हा ती रडली नाही. आईकडे बघून म्हणाली, "आता परत नाही ना घालायचा?"

आपल्या त्या पानावर चौथीच ओळ होती, मुलांना तयार डोळा कधीही घालू नये.

मी तिला डॉक्टरकडे पाठवलं. सहा आठवडे काही घालायचं नाही. त्यानंतर माप घेता येईल. मुलांचा डोळा दर सहा-आठ महिन्यांनी मोठा करावा लागतो, तिच्या आईला दर वेळी आठ तासांचा प्रवास परवडायचा नाही. म्हणून मी तिला तुमचं नाव आणि घराचा नंबर दिला आहे. जुलैत येईल.

टायवाल्याला गाठा किंवा दुसरं कोणी बघा. जुनं नाव अजून तुमचंच आहे ना? असेल तर परत तिकडेच जा. सगळी जुनी पानं जशी होती त्या पत्त्यांवर लावा. आणि मधल्या तीन महिन्यांतल्या लांबलचक पत्त्यांवरूनही वळण लावा. सोबत यादी जोडली आहे, सहासष्ट पत्ते. मला पाठ होते.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही नाही म्हणाल आणि तो हक्क तुमचा आहे.

वहिनी

---

२ जून

वहिनी,

तुझं पत्र फाडलं. मग यादी हवी होती म्हणून तुकडे जोडले. आता ते चिकटपट्टी लावून टेबलावर आहे, आणि येता जाता दिसतं.

तीन महिने! तीन महिने मी सकाळी कारखान्यात येऊन, मेण गरम करून, हत्यारं मांडून बसत होते, आणि तुला माहीत होतं. गोडाचं केलंस म्हणे. काय केलंस तेही लिहायचं होतंस.

मग पोरीचं वाचलं. त्यावर मला तुला काही बोलता येत नाही, कारण पान तू लपवलं नाहीस, मी काढलं. तू बघत राहिलीस, पण फेकलं मी. रागात मला आठवलंही नाही की ते वाचणाऱ्यांत एखादी आई असेल. मला फक्त तुझा आवाज ऐकू येत होता.

टायवाला सापडला. "रिडायरेक्ट का केलं नाही?" विचारलं, तर म्हणतो, "तुम्ही मागितलं नव्हतं, मॅडम." मी काय त्याला पाणी मागताना पेला पण मागायचा? त्याला रजा दिली. चष्मेवालीच्या सुनेला हे काम येतं. आम्ही दोघींनी तुझ्या यादीवरून सहासष्ट ओळींचा तक्ता केला, जुना पत्ता इकडे, नवा तिकडे. जुनं नाव अजून माझंच होतं, नशीब. परत आलो घरी.

ते पान लावलंय. खाली तुझं नाव घातलंय, 'लेखन' म्हणून. उगाच उपकार समजू नकोस. ज्याचं त्याला.

तुझ्याशी बोलायची इच्छा नाही सध्या. पण मुलगी आली की कळवीन.

वन्सं

---

१४ जुलै

प्रिय वन्सं,

बोलू नका, वाचा फक्त. चिमी आली का? तिच्या आईने फोन केला होता, डॉक्टर म्हणतात आतली जखम भरली.

काल तुम्ही तिसऱ्या होतात. मला आनंद झाला असं लिहिणार होते. खरं म्हणजे आधी छातीत धस्स झालं, मग आनंद झाला. हे क्रमाने असंच झालं, आता खोटं लिहीत नाही तुम्हाला.

वहिनी

---

४ ऑगस्ट

वहिनी,

चिमी आली. चार वेळा आली. पहिल्या दिवशी खुर्चीत चढेना, कारण कोणीतरी परत टोचणार. मी माझं कामाचं सगळं बाजूला ठेवलं आणि नुसतं मेण तिच्या हातात दिलं. तासभर तिने त्याचे गोळे केले. दुसऱ्या दिवशी माप घेऊ दिलं. साचा सुरेख आला. पांढरा भाग तयार आहे, लाल रेशमाचे धागे उकलून शिराही बसवल्यात. घालून बघितला, पापणी पूर्ण मिटते, हसली की डोळा हसण्याबरोबर हलतो. हे काम माझं चांगलं आहे. ते अप्पाही म्हणायचे आणि तू पण नाकारणार नाहीस.

बुबुळ जमत नाहीये.

तीन चकत्या रंगवल्या. तिन्ही छान आहेत. तिन्ही रंगवलेल्या आहेत. तिच्या डाव्या डोळ्याशेजारी धरल्या की ती पोर एका डोळ्याने माझ्याकडे बघते आणि दुसरीकडे चकती.

दिसत नाही असं नाही. मला सगळं दिसतं. हे बघ, मी तुला सांगते. खिडकीच्या उजेडात लांबून तिचा डावा डोळा नुसता तपकिरी वाटतो. जवळ गेलं की बाहेरच्या कडेला राखाडी वर्तुळ, अगदी बारीक, पेन्सिलने काढून बोटाने पुसल्यासारखं. आत ओल्या लाकडाचा रंग. बाहुलीभोवती पिवळसर झाक, सगळीकडे सारखी नाही, नाकाच्या बाजूला जास्त. आणि घड्याळात सात वाजतात तिथे एक ठिपका आहे, काळा नाही, गडद मधासारखा. रडून उठली की राखाडी पुढे येतो.

हे सगळं मला दिसतं आणि हातात उतरत नाही. तुझ्या हातात उतरतं. हे वाक्य लिहायला मला सोळा वर्षं लागली आणि लिहिताना अजूनही जळफळाट होतोय. तो जाईल असं वाटत नाही.

सोबत कोऱ्या चकत्या पाठवतेय, साडेअकरा मिलिमीटर. फोटोही आहेत, पण फोटोवर जाऊ नकोस, रंग खोटे येतात. मी लिहिलंय त्यावर जा.

वन्सं

---

१२ ऑगस्ट

वन्सं,

दोन पाठवते आहे, कापसात. एकीत राखाडी थोडा जास्त. तुम्ही धरून बघा, ठरवा. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत की मला मुलगी परत बघायची गरज वाटली नाही.

वहिनी

---

२७ ऑगस्ट

वहिनी,

राखाडी जास्त होती तीच घेतली. काल बसवला.

चिमीने स्वतः आरसा मागितला. बराच वेळ बघितलं, एकदा जीभ काढली, मग आरसा माझ्या हातात देऊन मेण मागितलं. तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने कामावरून तिचा बाप आला. त्याने अजून पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर बसला, पोरीची हनुवटी धरली आणि विचारलं, "दुखतंय का ग?" आणि हे विचारताना तो उजव्या डोळ्यात बघत होता. आपल्या उजव्या डोळ्यात. त्याच्या लक्षातही आलं नाही. मग आलं.

जाताना दारात थांबून म्हणाला, "ताई, तुमच्या हातात जादू आहे."

मी "हो" म्हणून गप्प बसू शकले असते. तू तिकडे आठ तासांवर, कोणाला कळणार होतं? एक क्षण तसं वाटलंही. तो पायरी उतरला, तेव्हा मी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि सांगितलं, "बसवला मी. पण तुम्ही ज्याच्यात बघितलंत, ते माझ्या वहिनीने केलंय."

सांगताना पोटात दुखलं. पण सांगितलं.

वन्सं